जंतांवर झाडपाल्याचा अर्क: बशीत मेलेला जंत पोटात मरतो का?

कडुनिंब, लसूण, पपईच्या बिया यांचा अर्क शेळ्यांना पाजला तर जंताचं औषध बंद करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. बंद करू नका. पण झाडपाल्यात काही दम नाही असंही नाही.

मी पशुवैद्यक आहे. शिकताना अंडी उबवण्याची चाचणी कित्येकदा केली. लेंड्यांतून जंतांची अंडी वेगळी काढायची, एका बशीत अर्क घालायचा, दुसरीत नुसतं पाणी. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातल्या अळ्या वळवळताना दिसतात, अर्कातली अंडी मात्र जशीच्या तशी. हे पाहिलं की औषध सापडलंच असं वाटतं. शेळीच्या पोटात गणित बदलतं. अर्क आधी कोटीपोटातल्या, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातल्या, कित्येक लिटर द्रवात विरघळतो, तिथले सूक्ष्मजीव त्याची मोडतोड करतात, आणि उरलासुरला अंश चौथ्या पोटात पोचतो. खरा शत्रू तिथे बसलेला असतो: हिमोंकस. लाल-पांढरा पीळ असलेला, दोन-तीन सेंटीमीटरचा. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त पितो, म्हणजे हजार जंत असले तर रोज 50 मिली. मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते.

एकदा मीही फसलो. लसूण पाजलेल्या शेळ्यांच्या लेंड्यांतली अंडी निम्म्यावर आली म्हणून खूश झालो. मग काहीच न दिलेल्या शेळ्यांच्या लेंड्या तपासल्या, तर तिथेही तेच! ऊन वाढून चराईच्या गवतावरच्या अळ्या मेल्या होत्या, त्याचं श्रेय मी लसणाला देत होतो.

वनस्पतींत मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो टॅनिनयुक्त, म्हणजे तुरट द्रव्य असलेला, चारा. सेरिसिया लेस्पेडेझा, सेनफॉइन अशा द्विदल चाऱ्यांवरच्या चाचण्यांत अंडी घटलेली दिसली आहेत. हा चारा नियमित खाण्यात असावा लागतो, एकदा पाजून भागत नाही. पपईच्या चिकातली विकरं जंताची कातडी पचवतात हेही खरं, पण चीक वेगळा आणि बिया वेगळ्या. त्यातून पान कोवळं की जून, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर ताकद बदलते; मग मात्रा ठरवायची कशी? आणि वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर सोडूनच द्या. चपट्या कृमींवर पूर्वी नेच्याच्या मुळकांडाचा अर्क देत. जास्त झाला तर जनावर आंधळं व्हायचं.

तरी करून पाहायचं असेल तर धडधाकट शेळ्यांवर आणि मोजून पाहा. दहा-पंधरा शेळ्यांना द्या, तेवढ्यांनाच काही देऊ नका. त्या दिवशी आणि 14 दिवसांनी दोन्ही गटांच्या लेंड्यांतली अंडी प्रयोगशाळेत मोजून घ्या. नेहमीच्या औषधाचीही हीच परीक्षा घ्या: अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली तर जंत त्या औषधाला सरावलेत असं समजा.

दरम्यान जंतांनी रक्त किती कमी केलंय हे कळायला दर दोन आठवड्यांनी खालची पापणी ओढून आतला रंग पाहत जा. गुलाबी-लाल असेल तर अर्काचे प्रयोग चालू द्या. फिकट पांढरी दिसली किंवा जबड्याखाली पाणी साठून सूज आली, तर त्या शेळीला त्याच दिवशी डॉक्टरांकडून औषध द्या.