तारकर्ली-मालवणला दोन दिवस जातोय, समुद्र आणि स्कूबा सोडून करण्यासारखं काही आहे का?

"समुद्र आणि स्कूबा सोडून" एवढे चार शब्द वाचले आणि गप्प बसवेना. देवबाग माझं माहेर, सासर कोल्हापूर. हाच प्रश्न मी घरात इतकी वर्षं ऐकतेय. कुणाचं बारसं असो, साखरपुडा असो, चार माणसं जमली की माझे धाकटे दीर सुरू करतात, "मालवणात समुद्र सोडला तर हाय काय? आन् समुद्रात बी काय न्हाई. मी सोता आत जाऊन बघून आलोय."

काय बघून आले ते आज लिहूनच टाकते.

२०१८ चा मे. मुलांना सुट्टी होती म्हणून आम्ही सगळे गगनबावड्याचा घाट उतरून माहेरी आलो. देवबाग म्हणजे चिंचोळी पट्टी. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी कार्ली नदी, मधे माडांच्या सावलीत आमची घरं. भाऊजींनी कोल्हापुरातूनच फोनवर पॅकेज ठरवून ठेवलं होतं. एका दिवशी जेट स्की, बंपर, बनाना, दुसऱ्या दिवशी स्कूबा, व्हिडिओ फुकट. बाबा एवढंच म्हणाले, "घरची होडी आसताना पैसे कित्याक देवचे?" भाऊजींना ते कळलं नाही, कळलं असतं तरी ऐकलं नसतं.

कार्ली समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक उंचवटा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं म्हणतात, म्हणून त्सुनामी आयलंड. हे सगळे खेळ तिथे चालतात. बनाना म्हणजे पिवळी फुगवलेली लांब नळी. तिच्यावर पाच-सहा जण घोड्यावर बसल्यासारखे बसतात, स्पीडबोट ओढत नेते आणि वळणावर सगळ्यांना पाण्यात पाडते. मुद्दाम पाडते, तीच तर मजा. भाऊजी पडले, जॅकेटमुळे बुचासारखे वर आले, चष्मा काही वर आला नाही. उणे साडेपाचचा नंबर. बोटीवरच्या पोराने दोनदा बुडी मारली, दोन्ही वेळा मूठभर वाळू घेऊन वर आला. जोडीला दुसरा चष्मा आणलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्कूबा. पैसे भरलेले, सोडतंय कोण!

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबवतात. पाण्यात उतरण्याआधी शिकवतात की श्वास नाकाने नाही, तोंडाने. कान दुखले की नाक दाबून हवा सोडायची. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'झकास' नाही, 'मला वर न्या'. झकाससाठी बोटांचा गोल करून दाखवायचा. भाऊजींनी खाली गेल्या गेल्या खूश होऊन अंगठा दाखवला. त्यांना वर आणलं. परत खाली नेलं, परत अंगठा. तिसऱ्या वेळी त्या शिकवणाऱ्या मुलाने त्यांचा हातच धरून ठेवला.

तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये अजून आहे. काळ्या पट्ट्यांचे मासे भाऊजींच्या नाकापुढून जाताहेत आणि भाऊजी भलतीकडेच बघताहेत. उणे साडेपाच नंबरवाल्याला बिनचष्म्याचं पाण्याखाली दिसणार काय? पण ते स्वतः आत जाऊन बघून आले आहेत, त्यामुळे मालवणच्या समुद्रात काही नाही हे कायमचं सिद्ध झालं आहे!

तेही मी हसण्यावारी नेलं असतं. मनाला लागलं ते त्याच दिवशी संध्याकाळचं.

तुम्हाला करण्यासारखं काय असं विचारताय ना, तर रापण बघा. नुसती बघू नका, ओढा. होडी किनाऱ्यावर दोरीचं एक टोक ठेवून निघते, समुद्रात अर्धगोल फिरत जाळं सोडत जाते आणि बरीच लांब दुसरं टोक घेऊन परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात, बायका, म्हातारे, शाळेतून आलेली पोरं, सगळी. दोरी ओली, खरखरीत, तळहाताची सालं काढणारी. पाठीमागे रेलायचं, टाच वाळूत रोवायची, एक पाऊल मागे. दोन्हीकडची माणसं ओढता ओढता एकमेकांकडे सरकत येतात. तास-दीड तास काहीच दिसत नाही. मग घारी फिरायला लागतात, जाळ्याच्या पोटातलं पाणी थरथरतं, आणि मधला भाग वाळूवर आला की आत काय आहे ते सगळ्यांना एकदम कळतं. कधी बांगड्याची रास, कधी नुसत्या जेलीफिश.

बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे, दोरीच्या पहिल्या टोकाला. भाऊजी खिशात हात घालून उभे. बाबांनी हाक मारली, "नुसते बघतास काय, दोरी धरा!" भाऊजींनी धरली आणि खोटं कशाला बोलू, चांगली ओढली. तालमीतलं अंग आहे. पण त्या दिवशी जाळ्यात आले दोन-तीन पाट्या पेडवे आणि चार खेकडे. भाऊजी वाकून, डोळे बारीक करून त्या ढिगाकडे बघत सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढ्यासाठी पन्नास माणसं?"

कोणी काही बोललं नाही. बाबांनी वाळूवर वाटे घातले. रापणीत राबलेल्या प्रत्येकाचा वाटा असतो, दोरीला हात लावलेला पाहुणाही सहसा रिकामा जात नाही. बाबांनी एक वाटा भाऊजींचा घातला, माडाच्या झावळीवर, इतरांएवढाच. रात्री आईने ते पेडवे तव्यावर तिखट-मीठ लावून कुरकुरीत केले. भाऊजींनी अकरा खाल्ले, मी मोजले. बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील आणि "एवढ्यासाठी पन्नास माणसं" हा किस्सा भाऊजी अजून विनोद म्हणून सांगतात.

असो. तुमचं दोन दिवसांचं. सोबत आईवडील आणि सात वर्षांची मुलगी आहे म्हणता.

किल्ला सकाळी लवकर करा. होडीवाले साधारण तासाभरात परत यायला सांगतात, तेवढ्यात काही होत नाही, जास्त वेळ आधीच बोलून घ्या. महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ला केली. ती पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा दांडीच्या किनाऱ्यावर आहे. लोक जेटीवरून होडीत बसतात, किल्ल्यावर सेल्फी काढतात आणि धोंडा न बघताच जातात. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मुलीला विहिरींची नावं सांगा, तिला तटापेक्षा तेच जास्त आवडेल.

आईवडिलांना धामापूरला न्या. तलाव १५३० चा, काठावर भगवतीचं देऊळ, गर्द झाडी. समुद्र नको असेल तर हेच उत्तर, पण कोणी विचारत नाही. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा, फक्त मधे उभं राहून फोटो काढू नका, शिव्या बसतील. डॉल्फिन बघायचे तर अगदी सकाळी, आणि बोटवाल्याला 'जवळ घ्या, जवळ घ्या' म्हणू नका, पाठलाग केला की ते बुडी मारून जातात. जेवायला बसल्या बसल्या सुरमई-पापलेट मागणाऱ्यांची मला कीव येते. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं खा, तारली खा. काट्यांची भीती वाटत असेल तर कोंबडी-वडे आहेतच.

आता भाऊजींच्या बाजूचंही थोडं लिहायला हवं. मे महिन्यात या म्हणून आग्रह मीच केला होता. मे सरत आला की पाणी गढूळ होतं. त्या दिवशी ज्यांच्या डोळ्यांवर नंबर नव्हता त्यांनाही फार काही दिसलं नव्हतं, हे मी घरात आजवर कबूल केलेलं नाही. स्कूबाच करायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. तरीही अंदमान डोक्यात ठेवून येऊ नका, इथलं पाणी तसलं निळंशार नसतं. पावसाळ्यात होड्याच बंद असतात, तेव्हा तारखा बघून घ्या. सात वर्षांच्या मुलीला स्कूबा मुळीच नको, दहाच्या आतलं मूल खाली नेणारा भेटला तर त्याच्याकडे स्वतःही जाऊ नका. बोटीत किती माणसं भरली आहेत ते मोजा, जॅकेटचे बंद स्वतः ओढून बघा. २०२२ च्या मेमध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले.

रापण रोज असतेच असं नाही, वेळही ठरलेली नसते. जिथे उतराल तिथल्या घरच्या माणसाला आदल्या रात्री विचारा. दोरी धरल्यावर जाळ्यात काय आलं यावर मत देऊ नका.

बनानावर बसायचंच असेल तर चष्मा काढून आईकडे द्या. कार्लीत एक आधीच आहे.