ग्रँटचा अर्ज लिहायच्या आधी, ताई

ताई, आधी तुमच्या संस्थेचे कागद बघा. आयकर खात्याची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आहे ना? मग सीएसआर-१ हा सरकारी नोंदणीचा फॉर्म भरा, त्याशिवाय कंपनी सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेला पैसा तुमच्या हातात देऊच शकत नाही, आणि संस्थेला तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभवही लागतो. तुमचं दुसरंच वर्ष चालू आहे, तर सध्या एखाद्या जुन्या संस्थेसोबत जोडून काम करा, त्यात कमीपणा काही नाही. परदेशी पैशाचा विचार आत्ता नकोच, एफसीआरएला, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या नोंदणीला, ३ वर्षांत १५ लाख खर्च दाखवावा लागतो.

आणि खरं सांगू का, अर्जात "आरोग्य जागृती करणार" असं लिहू नका हो, सगळेच लिहितात. गोवंडीत आमच्या सेविका गल्लीगल्लीत वजनकाटा घेऊन फिरायच्या आणि शंभर पानी वहीत प्रत्येक गरोदर बाईचं वजन आणि हिमोग्लोबिन लिहायच्या, पहिलं किती, तीन महिन्यांनी किती. पहिली ग्रँट त्या वहीच्या झेरॉक्सवर मिळाली. बजेटमध्ये सेविकांचं मानधन, रिक्षाभाडं, ऑडिट फी सगळं धरा, मला पहिल्या वर्षी ऑडिटचे पैसे खिशातून भरावे लागले. वही आजपासूनच सुरू करा, बाकी अर्ज आपण बसून लिहू.