जेरुसलेमजवळची किद्रोन दरी नेमकी कुठे आहे? तिला एवढं महत्त्व का?

जुन्या जेरुसलेमच्या पूर्वेला, मंदिर टेकडी (ज्यूंचं प्राचीन मंदिर जिथे होतं ती) आणि ऑलिव्ह पर्वत यांच्या मधे ही दरी आहे. पुढे ती ज्यूडियाच्या वाळवंटातून थेट मृत समुद्राकडे उतरते. वाटेत मार साबा हा पाचव्या शतकातला मठ तिच्या कड्याला चिकटून उभा आहे. पावसाळा, म्हणजे तिकडचा हिवाळा, सोडला तर पात्र बहुतेक कोरडंच.

माझ्या मते खरी गोष्ट पाण्याची आहे. दरीच्या कडेला गीहोन झरा आहे आणि त्याच्याच आधाराने हे शहर वसलं. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस, असिरियन स्वारीच्या धास्तीने, झऱ्याचं पाणी तटाच्या आत नेण्यासाठी खडकातून सुमारे 533 मीटरचा बोगदा खोदला गेला. बांधकामाचं श्रेय यहूदाच्या हिज्कीया राजाला देतात. दोन टोळ्या दोन्ही टोकांकडून खोदत आल्या आणि मधे भेटल्या, तेही वळणावळणाच्या मार्गाने! हे सांगणारा शिलालेख 1880 मध्ये सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

दरीत खडकात कोरलेल्या कबरीही आहेत. त्यातली ‘अबशालोमची कबर’ प्राचीन इस्राएलच्या दाविद राजाच्या मुलाची म्हणून दाखवतात, पण ती त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी कोरलेली आहे. ख्रिस्ती भाविकांची गेथसेमाने बाग, म्हणजे येशूला अटक झाली ती जागा, वरच्या बाजूला, ऑलिव्ह पर्वताच्या पायथ्याशी.