कॅनडाला निघण्यापूर्वी: हेनामच्या आजी-आजोबांविषयी

तुम्ही पुण्याच्या, पती कोरियन, मुलगा सहा वर्षांचा, आणि पुढच्या वर्षी सोल सोडून टोरांटोला जायचे जवळजवळ ठरलेले आहे. अशा वेळी दक्षिण जॉल्ला प्रांतातल्या खेड्यात राहणाऱ्या सासू-सासऱ्यांचे आणि नातवाचे नाते टिकेल का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे गुण, शुल्क, आरोग्यविमा हे सगळे सरकारी संकेतस्थळांवर मिळते, म्हणून त्यात मी शिरत नाही. माझे सासरही त्याच प्रांतात, हेनाममध्ये, जिथे कोरियाची मुख्य भूमी दक्षिणेला संपते तिथून फार दूर नसलेल्या एका खेड्यात आहे. आम्ही 2010 मध्ये टोरांटोला आलो आणि मुलाचा जन्म इथेच 2012 मध्ये झाला. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही, हे आधीच सांगते.

मुलगा दीड-दोन वर्षांचा असताना आम्ही त्याला गावी नेले होते. सासूबाई त्याला पाठीशी बांधून दिवसभर अंगणात वावरत असत. त्या पाठीवर तो झोपत असे, आणि उतरवले की रडत असे. त्यानंतर आम्ही सगळे एकत्र गेलो ते थेट 2023 च्या चुसोकला, म्हणजे कोरियन सुगीच्या सणाला. मधल्या काळात पतीची नोकरी बदलली, धाकटी मुलगी झाली, चौघांच्या तिकिटांचा खर्च आवाक्याबाहेर राहिला आणि शेवटी महासाथ आली. प्रत्येक वर्षी कारण खरे होते. 2021 च्या हिवाळ्यात सासरे गेले. कोरियात अंत्यविधी तिसऱ्या दिवशी आटोपतात, आणि चाचणीचा अहवाल, विमान व विलगीकरणातून सूट मिळवण्याची कागदपत्रे जमवता जमवता पती गावी पोहोचले तेव्हा मातीही देऊन झाली होती. त्याविषयी ते आजही बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

कागदपत्रांविषयी एवढेच सांगते की, त्रास सरकारी अर्जांचा नसतो, तो नावांचा असतो. माझ्या पारपत्रावर माहेरच्या पद्धतीने तीन नावे आहेत. मधल्या नावासाठी कोरियन अर्जात जागाच नसते. त्यामुळे एका नोंदीत मी तिन्ही नावे जोडून आहे, दुसरीत मधले नाव गळलेले आहे, आणि मुलाच्या इथल्या जन्मदाखल्यावरची आई ही तिसरीच कोणीतरी वाटावी अशी आहे. सासऱ्यांच्या भातशेतीचे वारस लावताना प्रत्येक वारसाला आपल्या नोंदवलेल्या वैयक्तिक शिक्क्याचा दाखला द्यावा लागतो. परदेशात राहणाऱ्याला त्याऐवजी वकिलातीत जाऊन सहीचा दाखला आणि मुखत्यारपत्र करून पाठवावे लागते. आमची कागदपत्रे एका कार्यालयातून नावातल्या एका अक्षरासाठी परत आली, दुरुस्त करून पाठवली तर तारीख जुनी झाली म्हणून पुन्हा परत आली, आणि तोवर सासूबाई दर आठवड्याला फोनवर एवढेच विचारत राहिल्या की, शेत अजून मेलेल्या माणसाच्याच नावावर आहे का. तुमच्या वेळेला एक गोष्ट सोपी झाली आहे: 11 जानेवारी 2024 पासून कॅनडा अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे सरकारी दाखले एकाच शिक्क्यावर मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे, कोरिया 2007 पासूनच आहे, त्यामुळे इथल्या दाखल्यांना आता वकिलातीच्या वेगळ्या प्रमाणीकरणाची गरज पडत नाही. तरीही निघण्यापूर्वी तिघांच्या नावांचे लेखन सगळ्या नोंदींत एकसारखे करून घ्या. आणि सासूबाई-सासरे धडधाकट आहेत तोवर जमिनीचे काय करायचे, हे पतीने आणि त्यांच्या भावंडांनी त्यांच्यासमोर बसून बोलून घ्यावे. सुनेने हा विषय काढू नये; पतीला काढायला लावावा.

दुसरा सल्ला फोनचा. कोरियन मोबाइल क्रमांक बंद झाला की तिथल्या बहुतेक संकेतस्थळांवर तुमची ओळख पटत नाही, आणि चुसोक किंवा सोल्लालच्या, म्हणजे कोरियन नववर्षाच्या, रेल्वेची तिकिटे तर काही मिनिटांत संपतात. आमची सोलमधल्या योंगसान स्थानकापासून दक्षिणेकडच्या मोक्पो शहरापर्यंतची तिकिटे दिरांनी काढली. मोक्पोहून हेनामची बस आणि हेनामहून गावची बस, जी दिवसातून मोजक्याच वेळा सुटते. हा शेवटचा टप्पा सामान आणि मुले घेऊन करायचा असतो, हे सोलहून गाडीने जाणाऱ्यांना कळत नाही.

मला ज्याविषयी खरे तर लिहायचे आहे ते मुलाचे शिक्षण. बालवाडीत जाईपर्यंत आमचा मुलगा वडिलांशी कोरियन आणि माझ्याशी मराठी बोलत असे, आणि दोन्ही स्वच्छ बोलत असे. शाळेत त्याला इंग्रजीच्या जादा तासाला बसवले, तिथपर्यंत ठीक होते. पण त्याच्या शिक्षिकेने आम्हा दोघांना बोलावून, घरातही इंग्रजीच बोला म्हणजे मूल मागे पडणार नाही, असे सांगितले. त्या बाई मनाने वाईट नव्हत्या, त्यांचा आवाज मऊ होता, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे घरात शिरले. नव्या देशात शाळा सांगते ते मोडायचे धाडस कोणाला असते? दोन वर्षांत कोरियनमधून विचारलेल्याची मुलाची उत्तरे इंग्रजीतून येऊ लागली, मराठी तर माझ्या रागावण्यापुरती उरली. पुढे शनिवारच्या कोरियन वर्गाला घातले, तिथे तो वाचायला शिकला, पण सोलच्या बातम्यांतली कोरियन शिकला. सासूबाई बोलतात ती जॉल्लाची बोली, तीही दात नसलेल्या तोंडाने. मला त्या शिक्षिकेचा राग आजही येतो, आणि तो गेला असे मी तुम्हाला सांगितले तर ते खरे नसेल. तुम्हाला असे कोणी सांगितले तर मान डोलवा, आभार माना, आणि घरी येऊन मुलाशी मराठीतच बोला. इंग्रजी त्याला शाळा, मैदान आणि शेजार शिकवतीलच.

2023 मध्ये आम्ही अंगणात शिरलो तेव्हा सासूबाई चालण्याच्या ढकलगाडीला धरून उभ्या होत्या. त्या भागातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या पाठी शेतात वाकून वाकून काटकोनात गेलेल्या असतात, त्यांचीही गेली आहे. अकरा वर्षांच्या नातवाने शनिवारच्या वर्गात शिकवलेले अभिवादन अगदी नीट म्हटले. त्यांनी उत्तरादाखल बरेच काही विचारले, आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी मराठी आई, आणि कोरियन आजीचे बोलणे तिच्या कोरियन नातवाला इंग्रजीतून समजावून सांगत होते. ते सगळे दुपारभर चालले आणि मग दोघेही थकून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला काम दिले. वाळवलेल्या मिरच्यांची मोठी रास व्हरांड्यात पडली होती. एकेक मिरची ओल्या फडक्याने पुसायची, देठ खुडायचे, डाग असलेली बाजूला टाकायची. मी लहानपणी वाईला आजीबरोबर नेमके हेच केले आहे, त्यामुळे माझे हात आपोआप चालू लागले. पण सासूबाईंनी मला उठवले आणि स्वयंपाकघरात पाठवले. त्यांना तो एकटा हवा होता. तो डागी मिरची चांगल्या राशीत टाके, त्या ती उचलून त्याच्या नाकासमोर धरत, तो हसे. त्याचे डोळे चुरचुरले तेव्हा त्यांनी त्याला मनगटाने डोळे पुसायला दाखवले. सुट्टी संपेपर्यंत दोघे रोज सकाळी तिथेच बसत. चुसोकच्या विधीला आजोबांच्या नावाने वाकायचे होते तेव्हा त्याला कसे वाकायचे हे काकांनी सांगितले, पण कधी उठायचे यासाठी तो आजीच्या तोंडाकडे पाहत होता.

म्हणून माझे म्हणणे असे की, सणाला जाऊ नका, किंवा फक्त सणाला जाऊ नका. सणात घर पाहुण्यांनी भरते, सून ओट्यापाशी अडकते आणि मूल फोन घेऊन कोपऱ्यात बसते. लसूण लावायच्या, रताळी काढायच्या किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात किमची घालायच्या दिवसांत जा. त्या वेळी हातांची गरज असते, आणि मुलाला बोलता आले नाही तरी त्याचे काही अडत नाही. गावात मुले नाहीत, हेही त्याला आधी सांगून ठेवा. हेनामचा जननदर 2012 पासून काही वर्षे देशात सर्वाधिक होता, तरी आमच्या वस्तीत ज्येष्ठांच्या सभागृहात दुपारी जेवायला जमणाऱ्या आज्यांखेरीज दिवसा फारसे कोणी दिसत नाही. त्या सगळ्या तुमच्या मुलाला आपलाच नातू समजतील, आणि खिशात पैसे कोंबतील. ते घेऊ द्या.

एकटेपणाचेही तुम्ही विचारले आहे. तो पहिल्या हिवाळ्यात येतो, कामाला लागले की मागे पडतो. त्यावर मला अधिक लिहायचे नाही. मला जड जाते ते वेगळे आहे. हेनामहून निघताना सासूबाईंनी सोजू या कोरियन दारूच्या हिरव्या बाटल्यांत भरलेले तिळाचे तेल, वर्तमानपत्रात गुंडाळून, चिकटपट्टीने बांधून दिले, आणि ते घेताना मला वाईच्या माझ्या आजीची आठवण आली, जिला भेटायला मी वेळेत गेले नव्हते आणि जाणे शक्यही नव्हते. परदेशात दोन्ही घरची माणसे एकाच वेळी म्हातारी होतात, आणि रजा मात्र एकच असते. कोणत्या घरी जायचे, यावरून आमच्या घरात झालेल्या भांडणांविषयी मी कोणालाच सांगितलेले नाही.

तुम्हाला जमत असेल तर विमानाची तारीख एका हंगामाने पुढे ढकला आणि मुलाला आजी-आजोबांकडे राहू द्या, तुम्ही दोघांनी सोबत न राहता. सहाव्या वर्षी कानात बसलेली बोली शनिवारचा कोणताही वर्ग देऊ शकत नाही.

आमच्यापुढे आता आणखी एक तारीख आहे. जन्मतः दुहेरी नागरिकत्व असलेल्या मुलग्याला कोरियन नागरिकत्व सोडायचे असेल तर अठरावे लागणाऱ्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत सोडावे लागते. 2022 पासून अपवादाची सोय आहे, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही. सोडले तर पुढे कोरियात दीर्घकाळ राहण्याचा परदेशस्थ कोरियनांचा व्हिसा त्याला चाळिशीपर्यंत मिळणार नाही. न सोडले तर लष्करी सेवेचे बंधन राहील. पती म्हणतात ठेवावे, मी म्हणते सोडावे, आणि मुलगा, ज्याला 2030 मध्ये हे ठरवायचे आहे, एवढेच विचारतो की, दोन्हीपैकी काय केले तर मिरच्यांच्या दिवसांत आजीकडे जाऊन राहता येईल.