तक्त्यात पहिला, तरी वर नाही

जर्मन फुटबॉलमधली रेगिओनाललीगा बघायला घेतलीस ते झकास. पण तक्ता नुसता गुणांवरून वाचू नकोस. या चौथ्या स्तरावर २०१२पासून पाच विभाग आहेत: उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बायर्न (म्हणजे बव्हेरिया राज्य). वर, म्हणजे तिसऱ्या लीगमध्ये, जायला जागा मात्र चारच. सध्या पश्चिम आणि नैर्ऋत्यचे विजेते थेट वर जातात. उरलेल्या तिघांत एका थेट जागेची पाळी फिरती, बाकीचे दोघे शेवटच्या जागेसाठी आपसात दोन सामने खेळतात. २०२५मध्ये लोकोमोटिव्ह लाइपत्सिश ईशान्य विभागात पहिला आला, या सामन्यांत उत्तरच्या विजेत्या हावेल्झेकडून हरला आणि होता तिथेच राहिला. वर्षभराची मेहनत दोन सामन्यांत पाण्यात! मला हे काही पटत नाही.

नावापुढे रोमन दोन (II) दिसला की मोठ्या क्लबचा राखीव संघ समजायचा. असे संघ तिसऱ्या लीगच्या वर जाऊच शकत नाहीत. त्यांचा फॉर्म फार मनावर घेऊ नकोस.

तळाचं गणित आणखी किचकट. किती संघ खाली जाणार, हे बऱ्याचदा शेवटपर्यंत ठरत नाही. तिसऱ्या लीगमधून आपल्या विभागात किती पडतात त्यावर ते हलतं. म्हणून मे महिन्यात तळाजवळच्या संघांचे चाहते वरच्या लीगचेच निकाल चाळत बसलेले असतात.