पाऊस वाढला तर धरण आधीच रिकामं ठेवावं की भरून?

दोन्ही चूक आणि दोन्ही बरोबर, खरी अडचण तीच आहे. पूर अडवायचा तर धरणात जागा हवी आणि पुढचा उन्हाळा काढायचा तर पाणी हवं, आणि कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची याचा जो तक्ता असतो (रूल कर्व्ह) तो बहुतेक ठिकाणी जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला. आता तापमान १ अंशाने वाढलं की हवेत साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे पडला तर धो धो, नाहीतर मोठी उघडीप, मग तो तक्ता काय कामाचा?

कॅलिफोर्नियातलं लेक मेंडोसिनो (धरणाचा जलाशय) बघा. २०१२ च्या डिसेंबरात जोरदार पाऊस झाला, नियमाप्रमाणे पाणी सोडून दिलं आणि २०१३ मध्ये कडक दुष्काळ! नंतर तिथे हवामान अंदाज बघून विसर्ग ठरवायचा प्रयोग केला, अंदाजात मोठा पाऊस नसेल तर पाणी राखायचं, दिसला तर आधीच सोडायचं. २०२० च्या कोरड्या हंगामात सुमारे १.३६ कोटी घनमीटर पाणी जास्त वाचलं.

पण हे सगळीकडे चालेलच असं नाही हं. अंदाज चांगला हवा, शिवाय दरवाजांची क्षमता आणि खालच्या नदीपात्राची वहनक्षमता पण बघावी लागते, पात्रातच बांधकामं झाली असतील तर आधी सोडलेल्या पाण्यानेही पूर येतो. गाळ आणि बाष्पीभवनाचा हिशोब वेगळाच.

माझ्या मते नवीन धरणाआधी हा तक्ता बदला, स्वस्तात होतं.