ससाणा पोपटांच्या शेजारी कसा? उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचे गण

न्यू जर्सीला आल्यावर घेतलेल्या नव्या पक्षी-पुस्तकात ससाणे घारींपासून दूर, थेट पोपटांच्या शेजारी आहेत. हे का, आणि एवढे सगळे गण (म्हणजे जवळच्या नात्यातल्या कुळांचे मोठे गट) लक्षात कसे ठेवायचे, असं तुम्ही विचारलंय. पाठांतराच्या नादी लागू नका. दिसायला सारखे पण गण वेगळा, अशा जोड्या घ्या आणि पाय, चोच, उडण्याची ढब बघायची सवय लावा. रंग सगळ्यात शेवटी.

ससाण्यापासूनच सुरुवात करू. घार, गरुड, शिक्रा, ससाणा ही आकडेबाज चोचीची मंडळी पूर्वी एकाच गणात असत. २००८ साली एक मोठा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ससाणे पोपटांचे व गाणाऱ्या पक्ष्यांचे जवळचे नातलग निघाले. अमेरिकी पक्षितज्ज्ञांच्या अधिकृत यादीने २०१० मध्ये त्यांची वाटणी करून टाकली. बाहेर ओळखायचं तर ससाण्याचे पंख लांब, टोकदार असतात आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं. भक्ष्य धरतो पायांनी, पण मानेचा मणका तोडतो चोचीने. घारींच्या गणातला रेड-टेल्ड हॉक मात्र पंजे आवळूनच काम संपवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला ‘केप मे’ इथे जाऊन या, दोघंही डोक्यावरून जाताना दिसतील.

हायवेवर पंख किंचित वर उचलून डुलत घिरट्या घालतो तो टर्की व्हल्चर. आपल्याकडची गिधाडं घार-गरुडांच्या गणात मोडतात, हा त्यातला नाही. त्याच्या गणाचं नाव कॅथार्टिफॉर्मिस. टक्कल दोघांनाही आहे, कारण धंदा एकच. पण आपलं गिधाड मढं नजरेने शोधतं, तर टर्की व्हल्चर दाट झाडीखालचं मढंसुद्धा वासावरून हुडकतो.

पाकोळी आणि भिंगरी ही जोडी तुम्हाला भारतातूनच ओळखीची असेल. तारेवर रांगेत बसते ती भिंगरी, म्हणजे चिमण्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या पॅसेरिफॉर्मिस गणातली. इथली ‘चिम्नी स्विफ्ट’ (चिम्नी म्हणजे धुराडं) ही पाकोळी तारेवर बसूच शकत नाही, धुराड्याच्या आतल्या भिंतीला नख्यांनी लटकते. तिचा भाऊबंद कोण, तर हमिंगबर्ड! दोघांचे पाय नावापुरते, सगळी मदार पंखांवर. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीतल्या शिंजिराचे फोटो ‘आमच्याकडे हमिंगबर्ड आला’ म्हणून फिरतात, तेव्हा मला राहवत नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. शिंजीर पॅसेरिफॉर्मिसमधला, चिमणीच्या गोतावळ्यातला.

मोठ्या पाणपक्ष्यांत मान बघा. ग्रेट ब्लू हेरॉन हा बगळा उडताना मान दुमडून घेतो. सँडहिल क्रेन हा क्रौंच ती सरळ ताणून उडतो. क्रेनचं मागचं बोट लहान आणि वर चढलेलं असतं, त्यामुळे त्याला फांदी पकडता येत नाही. म्हणून झाडावर बसलेला ‘क्रेन’ हा बगळाच समजा. बगळे पेलिकनच्या गणात आहेत, क्रेन पाणकोंबड्यांच्या.

तळ्यात पोहणारं सगळं बदक नसतं, एवढं सांगून पुढे जातो. बदक-हंसांची चोच चपटी, कडेला गाळणी. लून या बुड्या मारणाऱ्या पक्ष्याची भाल्यासारखी, आणि पाय इतके मागे की जमिनीवर धड चालता येत नाही. ग्रीब म्हणजे आपल्या टिबुकलीचं घराणं. बोटांना अखंड पडदा नसतो, सुट्या पाळ्या असतात.

सुतार पक्ष्याची दोन बोटं पुढे, दोन मागे आणि शेपटी ताठ, टेकू द्यायला. पॅसेरिफॉर्मिसची तीन पुढे, एक मागे. जगातल्या निम्म्याहून जास्त जाती या एकाच गणात आहेत, त्यामुळे तिथे गण कळून फारसं काही हाती लागत नाही, कुळावर उतरा. तिथेही एक गफलत होते: इथले फ्लायकॅचर आणि आपले माशीमार ही दोन निराळी कुळं. आपल्या माशीमारांना गाणं शिकावं लागतं, इथल्यांना ते बहुतांशी जन्मजात येतं.

आणि खंड्या. आपल्याकडे त्याच्या कितीतरी जाती, तुमच्या भागात मात्र एकच, बेल्टेड किंगफिशर. पोटावर तांबूस पट्टा दिसला तर ती मादी. नराला तो नसतो.